नॉर्थगार्ड आणि एज ऑफ एम्पायर्स २: व्हायकिंग दोन्हीकडे, पण खेळायची रीत एक नाही

नॉर्थगार्ड या व्हायकिंगांच्या स्ट्रॅटेजी गेमचा एखादा स्क्रीनशॉट बघून "अरे हा तर एज ऑफ एम्पायर्सच" असं वाटणं साहजिक आहे. वरून दिसणारं गाव, मधे टाउन हॉल, आजूबाजूला लाकडं तोडणारी माणसं, शेतं, शिकार, आणि बाकीचा मॅप झाकलेला. त्यात व्हायकिंग पण दोन्हीकडे, एज ऑफ एम्पायर्स २ (पुढे एज २ किंवा नुसतं एज) मध्ये तर १९९९ ला जे पहिले १३ सिव्हिलायझेशन (खेळायला निवडायचे लोक) आले त्यातच व्हायकिंग होते, बर्सर्क सैनिक आणि लाँगबोट जहाजांसकट. म्हणून एजवर हात बसलेली माणसं नॉर्थगार्ड उघडतात, सवयीने व्हिलेजर, म्हणजे काम करणारी माणसं, काढायला टाउन हॉलवर क्लिक करतात आणि तिथेच अडतात, कारण व्हिलेजर काढायचं बटणच नाही.

माझ्या मते बाकीचे सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात, त्यामुळे आधी हेच नीट बघू.

एज २ मध्ये ५० फूड द्या, २५ सेकंद थांबा, व्हिलेजर हजर. टाउन सेंटर एक क्षणही रिकामं ठेवायचं नाही हा तिथला पहिला धडा, कॅसल एज या तिसऱ्या टप्प्याला गेलात की आणखी टाउन सेंटर टाका आणि अजून जोरात काढा, स्टँडर्ड मॅचमध्ये २०० पॉप्युलेशनपर्यंत जायचं असतं. म्हणजे वेग तुमच्या हातात आहे, जितका हात चालतो तितकं गाव वाढतं, आणि जो हॉटकीज (कीबोर्डचे शॉर्टकट) पटापट दाबतो तो पुढे जातो. नॉर्थगार्डमध्ये माणसं आपणहून येतात. गावाचा हॅपिनेस प्लसमध्ये असेल तरच येतात, जितका जास्त तितकी लवकर, आणि मायनसमध्ये गेला की यायचीच थांबतात. वर गंमत अशी की जितकी माणसं वाढतात तितका हॅपिनेस खाली ओढला जातो आणि पुढचा माणूस यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो, मग ब्रुअरी टाका, घरं बांधा, नवीन झोन घ्या, आणि हे सगळं करताना प्रत्येक तोंडाला खायला पण पाहिजेच. एजमध्ये व्हिलेजर एकदा काढला की त्याच्या जेवणाचा विचार परत कधी करावा लागत नाही, इथे तो रोज जेवतो.

म्हणून मी म्हणतो की नॉर्थगार्ड स्लो आहे ते बरोबर, पण स्लो म्हणजे सोपा किंवा निवांत असं धरून जाऊ नका. क्लिक कमी झालेत, प्रत्येक क्लिकचं वजन वाढलंय. एजमध्ये दहा व्हिलेजर लाकडावर आणि त्यातला एक मेला तर फार काही बिघडत नाही, टाउन सेंटर पुढचा काढतोच. नॉर्थगार्डमध्ये सुरुवातीला हाताशी मोजकीच माणसं असतात, एकाला स्काउट केलं तर लाकूड कोण तोडणार, दोघांना शिकारीवर पाठवलं तर बांधकाम कोण करणार, प्रत्येक वेळी हा हिशोब. सैनिकसुद्धा वेगळा कुठून येत नाही, तुमचाच व्हिलेजर ट्रेनिंग कॅम्पमध्ये जाऊन क्रोन (तिथले पैसे) मोजून वॉरियर होतो, त्यामुळे लढाईत चार वॉरियर गेले म्हणजे गावातली चार माणसं गेली, आणि ती परत येतील ती हॅपिनेस परवानगी देईल तेव्हाच. मला हा गेम आवडतो तो मुख्यतः यामुळेच, एका हल्ल्याची किंमत इतकी स्पष्ट दिसते की माणूस उगाच भांडायला जात नाही.

मॅपचंही असंच. एजमध्ये मोकळी जमीन दिसली की बांधा, शत्रूच्या दारात टॉवर टाका, कोणी अडवत नाही. नॉर्थगार्डचा मॅप झोनमध्ये तोडलेला असतो, स्काउटने झोन शोधायचा, तिथे लांडगे किंवा द्राउगर (उठलेली प्रेतं) असतील तर आधी वॉरियर पाठवून साफ करायचा, मग फूड देऊन तो कॉलनाइज करायचा, आणि प्रत्येक नवीन झोन आधीच्यापेक्षा महाग पडतो. एका झोनमध्ये इमारती ठराविकच बसतात. त्यामुळे इथे प्रश्न "कुठे बांधू" हा नसतो, "या झोनमध्ये काय बांधायचं नाही" हा असतो. सुपीक जमीन असेल तिथे शेत, हरणं असतील तिथे शिकारीची झोपडी, मासे असतील तिथे कोळ्याची, ज्या झोनमध्ये जे मिळतं तेच काढता येतं. सपाट रिकामा झोन मात्र ब्रुअरी, घरं, ट्रेनिंग कॅम्प असल्या गोष्टींसाठी राखून ठेवायचा. आणि इमारतींना क्रोनमध्ये मेंटेनन्स लागतो, एजमध्ये एकदा बांधलं की फुकट उभं राहतं तसं नाही, त्यामुळे हौसेने सगळं बांधून ठेवलं तर तिजोरी गळायला लागते.

आणि मग हिवाळा. एजमध्ये ऋतू नाहीत, वेळ पुढे सरकतो तो डार्क एज, फ्युडल, कॅसल, इम्पीरियल असा, आणि कधी सरकायचं ते तुम्ही ठरवता, फ्युडलसाठी ५०० फूड जमलं आणि लागणाऱ्या इमारती झाल्या की बटण दाबलं. नॉर्थगार्डमध्ये कॅलेंडर तुमच्यासाठी थांबत नाही. डिसेंबर आला की फूडचं उत्पादन पडतं, शेकोटीला लाकूड जास्त जातं, आणि आपल्या हद्दीबाहेर सैन्याचा जोर कमी होतो. ऑगस्टपर्यंत वरच्या पट्टीत फूड +१० दिसतंय म्हणून आरामात माणसं वाढवत गेलात तर डिसेंबरमध्ये तोच आकडा लाल होतो, लोक आजारी पडतात, हॅपिनेस घसरतो, नवीन माणसं थांबतात, कामाला हात कमी पडतात आणि मग उत्पादन आणखी खाली, एकदा हे चक्र सुरू झालं की सावरायला खूप वेळ जातो. मधे कधी उंदीर, कधी भूकंप, कधी जोरदार हिमवादळ, पण त्याची सूचना आधी मिळते हे मला फार योग्य वाटतं, कारण मग हरलो तर तयारी कमी पडली म्हणून हरलो, नशिबाने नाही. या सगळ्यामुळे हल्ल्याला पण हंगाम येतो, शत्रूचा झोन घ्यायचा तर वसंतात निघा आणि बर्फ पडायच्या आत काम उरका. एजच्या माणसाला हे सुरुवातीला विचित्र वाटतं कारण तिथे रश, म्हणजे झटपट हल्ला, कधीही चालतो, जितका लवकर तितका चांगला.

जिंकण्याबद्दल थोडक्यात. एजमध्ये वंडर (भव्य इमारत) बांधून किंवा रेलिक (पवित्र अवशेष) गोळा करूनही जिंकता येतं, तरी बहुतेक मॅच समोरच्याला संपवूनच संपते. नॉर्थगार्डमध्ये ट्रेड (व्यापार), लोर (ज्ञान) आणि फेम (कीर्ती) हे खरेच चालणारे रस्ते आहेत, शेजाऱ्याला हात न लावता जिंकता येतं, आणि काही मॅपवर एखादी खास जागा ताब्यात ठेवूनसुद्धा. त्यामुळे शेजारी शांत बसलाय म्हणजे तो मागे आहे असं समजू नका, कदाचित तो व्यापारात तुमच्या खूप पुढे असेल.

आता अर्ली अ‍ॅक्सेसचा, म्हणजे गेम पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवण्याचा, मुद्दा, कारण या दोन गेमची गल्लत तेव्हा जास्त झाली. फ्रान्सच्या शिरो गेम्सने नॉर्थगार्ड २२ फेब्रुवारी २०१७ ला स्टीम या ऑनलाइन गेम दुकानावर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आणला, तेव्हा त्यात कॉम्प्युटरविरुद्ध सिंगल प्लेयर स्कर्मिश (सुटी मॅच) होतं आणि मोजकेच क्लॅन (निवडायच्या टोळ्या). मल्टिप्लेयर त्याच वर्षात नंतर आलं, आणि रिग या नायकाची ११ चॅप्टरची कॅम्पेन (गोष्टीच्या टप्प्यांनी खेळायचा भाग) ७ मार्च २०१८ च्या फुल रिलीजला, तोवर क्लॅन सहा झाले होते. म्हणजे वर्षभर जे लोक खेळले त्यांना एकेक गोष्ट हळूहळू शिकवणारी कॅम्पेन नव्हतीच, थेट मॅपवर सोडलं जायचं, आणि मग माणूस जे येतं तेच करतो, एजचा बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचं याचा ठरलेला क्रम) लावतो. कॅम्पेन नाही म्हणून कोणी अपुरा म्हटलं तर ते मान्य, पण स्कर्मिशचा गाभा, म्हणजे हॅपिनेस, झोन, हिवाळा, हा पहिल्या दिवसापासून पक्का होता. अर्ली अ‍ॅक्सेसमधला कुठलाही स्ट्रॅटेजी गेम घेताना मी हेच बघतो, कंटेंट किती आहे ते नंतर, आधी एक मॅच पूर्ण उभी राहते का. अपडेटमध्ये आकडे बदलत राहतात, आज भारी वाटणारा क्लॅन पुढच्या पॅचमध्ये मवाळ होतो, तेवढं गृहीत धरायचं.

एजवरून येणाऱ्याने गेममधल्या पहिल्या वर्षी एवढं करून बघावं: स्काउट लवकर लावायचा, लाकूडतोड्या लगेच, फूड देणारा झोन सगळ्यात आधी घ्यायचा, आणि वॉरियर फक्त लांडगे हटवण्यापुरते. सप्टेंबर लागला की नवीन बांधकामावर लाकूड घालायचं बंद, साठा वाढवायचा. फूडचा आकडा आज किती आहे यापेक्षा तो हिवाळ्यात किती पडेल याचा अंदाज घ्यायची सवय लावा, आणि साठा फेब्रुवारीपर्यंत पुरत नसेल तर नवीन झोनचा मोह मार्चपर्यंत लांबवा.