लसणाला पाकळ्या येतात त्या थंडीमुळे

गेल्या वर्षी लसूण लावायला मला चक्क संक्रांत उजाडली. पात मस्त आली, पण एप्रिलअखेर उपटून बघते तर बोराएवढे गोल गोळे, सोलला तर आत पाकळ्याच नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं टाकू नकोस, हा एककळी लसूण, बीपीवर रामबाण, बाजारात केवढा महाग मिळतो! पण मी लावला होता तो घरात रोज फोडणीला घालतो तोच लसूण, तीन महिन्यांत त्यात औषध कुठून येणार?

झालं काय ते सांगते, मला हे फार आवडतं. लसणाची पाकळी म्हणजे बी नाही, तो एक कोंब आणि त्याच्याभोवती अन्न साठवलेलं जाडजूड पान. गड्ड्याच्या बुडाशी मुळं फुटतात ती कडक चकती असते ना, ते लसणाचं खोड, एवढंसंच. त्या चकतीवर पानं एकात एक येतात आणि आतल्या पानांच्या बेचक्यात बाजूचे कोंब धरतात, त्या प्रत्येकाची पुढे एक पाकळी होते. पण ते कोंब धरायला आधी थंडी खावी लागते, काही आठवडे गार रात्री. माझ्या लसणाला ती मिळालीच नाही, मग दिवस मोठा झाला, ऊन वाढलं, गड्डा भरायची वेळ झाली आणि अन्न साठवायला मधला एकच कोंब, सगळं त्यातच गेलं.

दिवसाच्या लांबीचंही गणित आहे. पहाडी जातींना, उदाहरणार्थ अ‍ॅग्रीफाउंड पार्वती, गड्डा धरायला मोठा दिवस लागतो आणि आपल्याकडे हिवाळ्यात तो 11-12 तासांचाच, म्हणून मोठ्ठ्या पाकळ्या बघून पहाडी लसूण लावला तर नुसती पातच खायची. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती इथे चालतात, नाहीतर सरळ आठवडी बाजारातला गावठी घ्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा, टोक वर, दोन पाकळ्यांत 10 सेंमी. अमावस्या-पौर्णिमा बघू नका, पहाटे गारवा पडतोय का ते बघा. उशीर झालाच तर गड्डे कागदी पिशवीत घालून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवून मग लावा, थंडी साठवणीतली पण चालते.

आणि ते गोळे मी विकले नाहीत, खाल्ले पण नाहीत. असा गोळा वेळेवर लावला की त्याचाच पाकळ्यांचा गड्डा होतो, सात ठेवलेत जपून, दिवाळीचे कंदील उतरले की लावणार आणि निघाले की काकूंनाच सोलायला देणार.