लुक्याचा किनारा आणि वायव्येचा वारा

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येस, जेथे टॉरस पर्वताच्या रांगा थेट भूमध्य समुद्रात उतरतात, तेथे प्राचीन लिशिया हा प्रदेश होता; मराठी बायबलचे वाचक त्याला ‘लुक्या’ म्हणून ओळखतात. इ.स. 43 मध्ये सम्राट क्लॉडियसने तो रोमन प्रांत केला. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात ख्रिस्ती धर्मप्रसारक पौल या किनाऱ्यावर दोनदा जहाज बदलतो, एकदा पातारा येथे आणि एकदा मुर्या येथे. त्यामागचे कारण वाऱ्यात आहे.

जहाजे हाकारण्याच्या हंगामात पूर्व भूमध्य समुद्रावर बहुतेक काळ पश्चिमेचे आणि वायव्येचे वारे वाहतात. इ.स. 57 च्या सुमारास पौल पाताऱ्याहून यरुशलेमकडे निघाला, तेव्हा त्याचे जहाज किनारा सोडून, सायप्रस डावीकडे ठेवत, भर समुद्रातून सोर (आजच्या लेबनॉनमधील टायर) बंदराला गेले. त्या दिशेला हे वारे पाठीशी असतात. दोन-तीन वर्षांनी कैदी म्हणून रोमला जाताना मात्र तेच वारे तोंडावर आले, आणि जहाजाला सायप्रसच्या आडोशाने जावे लागले. एकाच मोठ्या चौकोनी शिडावर चालणाऱ्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नसे.

इजिप्तचा गहू रोमला नेणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या अवाढव्य जहाजांचीही हीच अडचण होती. ती आधी उत्तरेला लुक्याचा किनारा गाठत आणि मग रात्री जमिनीवरून सुटणारे मतलई वारे व किनाऱ्यालगत पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह यांच्या आधाराने पुढे सरकत. म्हणूनच पौलाबरोबरच्या रोमन शताधिपतीला (सैन्याच्या एका तुकडीच्या अधिकाऱ्याला) मुर्याला इटलीकडे जाणारे असे जहाज मिळाले. त्यावर 276 माणसे होती. पुढे वादळात सापडल्यावर, माल्टाच्या किनाऱ्यावर ते फुटण्यापूर्वी, त्यातला गहू समुद्रात टाकावा लागला.

मुर्याचे बंदर असलेल्या आंद्रियाके येथे सम्राट हेड्रियनने दुसऱ्या शतकात बांधलेले धान्याचे कोठार आजही उभे आहे. पौलाच्या काळाहून ते अर्ध्या शतकाहून अधिक उशिराचे असले, तरी त्या प्रवासवर्णनावर याहून चांगले भाष्य मला दुसरे दिसत नाही. आठ दालने, घडीव दगडाच्या भिंती आणि मधल्या दारावर सम्राटाचा अर्धपुतळा: रोमची भाकरी किती जपली जात होती, ते येथे कळते. जवळच जांभळ्या रंगासाठी फोडलेल्या समुद्री गोगलगायींच्या शिंपल्यांचा मोठा साठा सापडला आहे.

पाताऱ्याचे बंदर वाळूने आणि गाळाने भरून त्याची दलदल झाली. मुर्यालाही नदीच्या पुरांनी गाळाखाली घेतले. तेथील चौथ्या शतकातले बिशप संत निकोलस यांच्या नावाच्या चर्चमध्ये जायला आज जमिनीच्या पातळीवरून बरेच खाली उतरावे लागते.