इंटरनेटची विषमता आणि नागरिकाचा सहभाग : चाळीस वर्षांची पार्श्वभूमी

इंटरनेट सर्वांना सारखे मिळत नाही ही तक्रार, इंटरनेट घरोघरी पोचण्याच्याही आधीची आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९८४ च्या अखेरीस आपला अहवाल तयार केला, तेव्हा प्रश्न साध्या टेलिफोनचा होता. जगातील सुमारे ६० कोटी टेलिफोनांपैकी तीन चतुर्थांश अवघ्या नऊ प्रगत देशांत होते आणि एकट्या टोकियोत संपूर्ण आफ्रिका खंडापेक्षा जास्त टेलिफोन होते. नव्या शतकाच्या सुरुवातीला टेलिफोन जवळजवळ प्रत्येक माणसाच्या सहज आवाक्यात यावा, असे उद्दिष्ट आयोगाने ठेवले आणि मोबाइलमुळे ते पुढे बऱ्याच अंशी साध्यही झाले. मात्र किती जोडण्या आहेत आणि किती नाहीत, एवढेच मोजण्याची तेव्हाची सवय इंटरनेटच्या काळातही टिकून राहिली. जोडणीअभावी माणसाचे नागरिक म्हणून काय बुडते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जुलै १९९५ मध्ये ‘फॉलिंग थ्रू द नेट’ हा अहवाल प्रसिद्ध केला. कोणाकडे टेलिफोन, संगणक आणि मोडेम (टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारे यंत्र) आहे याची त्यात पाहणी होती. ग्रामीण भागातील आणि मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीतील गरीब कुटुंबे सर्वांत मागे असल्याचे तीत दिसले, आणि याच निष्कर्षाची पुढे चर्चा झाली. त्याच अहवालातली दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. या मागे पडलेल्या गटांतील ज्या थोड्या घरांत संगणक आणि मोडेम पोचला होता, ती घरे नोकरीच्या जाहिराती शोधणे, शिक्षण घेणे आणि सरकारी अहवाल वाचणे या कामांसाठी त्याचा उत्साहाने वापर करत होती. गरिबांना या गोष्टींत रस नसतो, हा समज अशा रीतीने सुरुवातीलाच खोटा ठरला होता, तरी तो आजही ऐकू येतो.

विषमतेचा थेट मतपेटीशी संबंध आला तो मार्च २००० मध्ये. ॲरिझोना राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाने आपल्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या मतदानात, घरच्या संगणकावरून मत देण्याची सोय केली. पांढरपेशा, गौरवर्णीय मतदारांकडे संगणक जास्त असल्याने ही सोय अल्पसंख्याकांच्या मताचे वजन कमी करते आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा भंग करते, असा दावा एका संघटनेने संघीय न्यायालयात केला. न्यायालयाने मतदान रोखण्यास नकार दिला. टपालाने किंवा केंद्रावर जाऊन मत देण्याचे मार्ग तेथे खुले होते, हे विसरता कामा नये. सुमारे ८६ हजार मते पडली आणि त्यांतील ४० टक्क्यांहून थोडी अधिक इंटरनेटवरून आली. १९९६ च्या तुलनेत मतदान कित्येक पटींनी वाढले, आणि आयोजकांनी साहजिकच या वाढीकडे बोट दाखवले. पण एकूण आकडा वाढला म्हणून सर्व थरांतला सहभाग सारखा वाढला असे होत नाही, आणि खटल्यातला मूळ मुद्दा नेमका तोच होता.

एस्टोनियाने २००५ च्या स्थानिक निवडणुकांत देशभर इंटरनेट मतदान सुरू केले, तेव्हा जेमतेम ९ हजारांवर लोकांनी त्या मार्गाने मत दिले. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते इंटरनेटवरून आली, तरीही कागदी मतपत्रिका कायम आहे. सोय वाढत गेली आणि जुना मार्ग बंद झाला नाही, असे हे उदाहरण आहे. बहुतेक ठिकाणी मात्र याच्या उलट घडत गेले. अर्जाची खिडकी बंद होते, सूचनाफलकावरची नोटीस फक्त संकेतस्थळावर लागते, हरकत नोंदवण्याची मुदत तीस दिवसांची असते आणि हरकतीसोबत कागदपत्रे ठरावीक आकाराच्या फाइलमध्ये जोडावी लागतात. ज्याच्या हातात फक्त लहान पडद्याचा फोन आहे, तो ओटीपीची वाट पाहतो, तोवर पानाची वेळ संपते आणि भरलेला मजकूर पुसला जातो. दूरसंचाराच्या आकडेवारीत हा माणूस ‘जोडलेला’ म्हणून मोजला जातो, पण त्याची हरकत कोठेच नोंदलेली नसते. माझ्या मते ही विषमता नागरिकत्वाचा प्रश्न बनली ती तंत्रज्ञान आल्याने नव्हे, तर दुसरा मार्ग काढून घेतल्याने.

कायद्याने हा संबंध ओळखला तो जरा उशिराच. कायदे राज्यघटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या फ्रान्सच्या घटना परिषदेने १० जून २००९ रोजी दिलेल्या निर्णयात, लोकशाही जीवनातील सहभागासाठी ऑनलाइन सेवांना आलेले महत्त्व लक्षात घेऊन, १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात या सेवा वापरण्याचे स्वातंत्र्य अंतर्भूत असल्याचे म्हटले. फिनलंडने १ जुलै २०१० पासून सेकंदाला किमान एक मेगाबिट वेगाची जोडणी प्रत्येकाचा कायदेशीर हक्क केली. पुढे कोविडच्या साथीत, २०२० पासून, अनेक देशांत सभा आणि सुनावण्या पडद्यावर गेल्या. दूर राहणाऱ्यांची, आजाऱ्यांची आणि अपंगांची त्यात खरोखर सोय झाली, आणि ज्यांच्याकडे जोडणी नव्हती ते त्याच वेळी पूर्णपणे बाहेर राहिले.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २६० कोटी माणसे अजून इंटरनेट वापरत नव्हती. श्रीमंत देशांत वापराचे प्रमाण ९३ टक्के होते, तर सर्वांत गरीब देशांत २७ टक्के. शहरी भागात ते ८३ टक्के आणि ग्रामीण भागात ४८ टक्के होते.

श्रीमंत देशांतही प्रश्न सुटलेला नव्हता, हे ३ जून २०२२ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाच्या निकालातून दिसले. निवास परवान्याचे काही अर्ज परदेशी रहिवाशांना केवळ ऑनलाइन करावे लागत होते आणि ते न जमल्याने लोक अडकून पडत होते. शासन ऑनलाइन अर्ज सक्तीचा करू शकते, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र ज्यांना अडचण येते त्यांना मदत मिळाली पाहिजे, आणि मदत घेऊनही ज्यांचा अर्ज जात नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग ठेवला पाहिजे, असे बंधन त्याने शासनावर घातले.