सालाझारला मिळालेला कौल: पोर्तुगालच्या 2007 मधील लोकमतामागचा इतिहास

25 मार्च 2007 रोजी रात्री पोर्तुगालच्या सरकारी दूरचित्रवाणीने, म्हणजे आरटीपीने, 'महान पोर्तुगीज' या कार्यक्रमाचा अंतिम निकाल जाहीर केला. देशाच्या साडेआठशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासातून सर्वश्रेष्ठ व्यक्ती निवडण्याचे काम प्रेक्षकांवर सोपवले होते आणि त्यांनी 41 टक्के मते आंतोनियू द ऑलिव्हैरा सालाझार यांना दिली. हे तेच सालाझार, ज्यांनी छत्तीस वर्षे पंतप्रधानपदी राहून देशात ना मुक्त निवडणूक होऊ दिली ना मुक्त वृत्तपत्र चालू दिले आणि गोवा सोडण्यास शेवटपर्यंत नकार दिला. पोर्तुगालला राज्य म्हणून उभे करणारे पहिले राजे आफोंसो एन्रिक्स चौथ्या स्थानी राहिले, महाकवी कामोंइश पाचव्या, तर 1498 मध्ये कालिकतला पोचलेला वास्को द गामा एक टक्काही मते न मिळवता दहावा आला.

या प्रकारच्या लोकमताची सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. बीबीसीने 2002 मध्ये 'ग्रेट ब्रिटन्स' ही मालिका केली. त्यात आधी जनतेकडून नावे मागवून शंभर जणांची यादी काढण्यात आली, मग पहिल्या दहांपैकी प्रत्येकावर एक माहितीपट तयार झाला आणि तिची बाजू मांडायला एखादी नामवंत व्यक्ती वकिलासारखी उभी राहिली. शेवटी दूरध्वनी व इंटरनेटवरून मते घेण्यात आली आणि विन्स्टन चर्चिल पहिले आले. हा साचा पुढे अनेक देशांनी उचलला. जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीने 2003 मध्ये हिटलर व अन्य नाझी नेत्यांची नावे मुळातच स्पर्धेबाहेर ठेवली आणि कोनराड आडेनाउअर निवडून आले. दक्षिण आफ्रिकेत 2004 मध्ये मंडेला पहिले आले खरे, पण वर्णभेदाचे शिल्पकार हेंड्रिक फरवुर्ड यांचे नाव पहिल्या विसांत दिसल्यावर वादळ उठले आणि मालिका अर्ध्यावर थांबली. रशियात 2008 मध्ये स्टालिन थोड्या मतांनी मागे पडून तिसरे आले. भारतात 2012 मध्ये झालेल्या अशाच मतदानात महात्मा गांधींचे नाव आधीच वगळले होते आणि 'गांधींनंतरचे सर्वश्रेष्ठ भारतीय' म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कौल मिळाला. मतदान सुरू होण्यापूर्वी कोणाला यादीत घ्यायचे आणि कोणाला नाही, हा निर्णय प्रत्येक देशाच्या जुन्या जखमेशी बांधलेला असतो.

पोर्तुगालमध्ये हा प्रश्न अगदी आरंभीच उभा राहिला. आरटीपीने 2006 च्या शरद ऋतूत प्रेक्षकांना सुचवणी म्हणून जी नावे पुढे ठेवली, त्यांत सालाझार नव्हते. इतकी वर्षे सत्ता गाजवलेल्या माणसाला वगळणे ही सेन्सॉरशिपच आहे, अशी टीका झाली, आणि पुढे त्यांचे नाव घेण्यात आले. या टीकेला धार येण्याचे कारण वाहिनीच्या इतिहासातच आहे. आरटीपीचे नियमित प्रक्षेपण मार्च 1957 मध्ये सालाझार राजवटीतच सुरू झाले होते आणि 1974 मध्ये ती राजवट उलथेपर्यंत या वाहिनीवर शासनाला नको असलेला शब्द उच्चारला जात नसे.

सालाझार यांचा जन्म 1889 मध्ये सांता कोम्बा दाऊं परिसरातल्या एका साध्या शेतकरी कुटुंबात झाला. कोइंब्रा विद्यापीठात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. 1910 मध्ये राजेशाही गेल्यानंतर आलेल्या पहिल्या प्रजासत्ताकात सरकारे इतक्या वेगाने पडत की सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे झाली. 28 मे 1926 रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचा खजिना सावरण्यासाठी 1928 मध्ये या प्राध्यापकाला अर्थमंत्री केले. प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपला नकाराधिकार राहील ही अट मान्य करूनच त्यांनी पद घेतले आणि वर्षभरात अंदाजपत्रक शिलकीत आणले. प्रामाणिक, काटकसरी, मोह नसलेला कारभारी ही त्यांची प्रतिमा तेव्हाची आहे. दुसऱ्या महायुद्धात देश तटस्थ राहिला, हे तिला पुढे जोडले गेले. 2007 मध्ये दूरचित्रवाणीवर सालाझार यांची बाजू मांडणारे जैमे नोगैरा पिंतू यांनी प्रामुख्याने याच गोष्टींवर भर दिला.

त्या प्रतिमेची दुसरी बाजू मात्र तितकीच ठाम नोंदलेली आहे. 1932 मध्ये पंतप्रधान झाल्यावर सालाझार यांनी 1933 च्या संविधानाने 'एस्तादो नोवो', म्हणजे नवे राज्य, उभे केले. एकच राजकीय संघटना, छापण्याआधी प्रत्येक मजकूर तपासणारे खाते आणि पुढे 'पिदे' या नावाने कुप्रसिद्ध झालेले गुप्त पोलीस हे या राज्याचे खांब होते. राजकीय कैद्यांसाठी 1936 मध्ये केप व्हर्दे बेटांवर तारफाल येथे छावणी उघडण्यात आली आणि तिथे कैदी आजाराने व हालाने मेले. 1961 पासून अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथे सुरू झालेल्या वसाहतयुद्धांत एक अख्खी पिढी ओढली गेली, लाखो लोक कामासाठी फ्रान्सकडे निघून गेले आणि 1970 मध्येही लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा निरक्षर होता. शिलकी अंदाजपत्रकाचे कौतुक करताना ही किंमत हिशेबात धरायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

गोव्याचा आणि महाराष्ट्राचा या माणसाशी संबंध थेट आहे. सालाझार यांनीच 1930 मध्ये वसाहत कायदा आणला आणि त्यातून वसाहतींतील 'एतद्देशीय' प्रजेवरची पकड अधिकृत झाली. 18 जून 1946 रोजी डॉ. राम मनोहर लोहिया यांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची हाक दिल्यानंतर गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात पाठवले. 1951 मध्ये सालाझार सरकारने वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नवे नाव दिले, म्हणजे सोडण्याचा प्रश्नच उरू नये. 1955 मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी सत्याग्रहासाठी गोव्यात शिरली आणि त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारात वीसहून अधिक जण मारले गेले. सांगलीचे मोहन रानडे यांना त्याच वर्षी पकडून सव्वीस वर्षांची शिक्षा देण्यात आली. पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगात नेले आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी ते कोठडीतच होते. त्यांच्या सुटकेसाठी संगीतकार सुधीर फडके यांनी पुढाकार घेतला होता. ते सुटले ते जानेवारी 1969 मध्ये, सालाझार सत्तेवरून दूर झाल्यानंतर.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य सीमेवर उभे असताना सालाझार यांनी गव्हर्नर जनरल व्हासालू ए सिल्व्हा यांना संदेश पाठवला, त्याचा आशय असा होता की शरणागतीचा विचारही नको, सैनिक एकतर विजयी झाले पाहिजेत किंवा मेले पाहिजेत. व्हासालू ए सिल्व्हा यांनी 19 डिसेंबरला शरण येऊन तीन हजारांहून अधिक सैनिकांचे प्राण वाचवले, तर त्यांनाच पुढे सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. 1974 च्या क्रांतीनंतर त्यांची बडतर्फी रद्द झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले.

आता निकालाचा तक्ता पुन्हा पाहिला पाहिजे. दुसऱ्या स्थानी 19 टक्के मते मिळवणारे आल्व्हारू कुन्याल होते. भूमिगत कम्युनिस्ट पक्षाचे हे नेते दीर्घ तुरुंगवास भोगून जानेवारी 1960 मध्ये त्याच पेनिश किल्ल्यातून सहकाऱ्यांसह निसटले होते. त्यांची बाजू कम्युनिस्ट नेत्या ओदेत सांतुश यांनी मांडली. तिसऱ्या स्थानी 13 टक्के मते घेऊन आले आरिश्तिदीश द सोझा मेंदिश. जून 1940 मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे वाणिज्यदूत असताना त्यांनी लिस्बनचा आदेश मोडून नाझींपासून पळणाऱ्या हजारो निर्वासितांना व्हिसा दिले, सालाझार यांनी त्यांना सेवेतून दूर केले आणि 1954 मध्ये ते दारिद्र्यात वारले. हुकूमशहा, त्याचा कट्टर विरोधक आणि त्याने उद्ध्वस्त केलेला अधिकारी, या तिघांची मते मिळवून 73 टक्के होतात. म्हणजे बाराव्या शतकापासूनचा सगळा इतिहास समोर ठेवूनही प्रेक्षकांनी बहुतांश मते एकाच राजवटीच्या भांडणात टाकली. माझ्या मते या मतदानाचा खरा अर्थ इथे आहे. त्या रात्री पोर्तुगालने आपला महापुरुष निवडला नाही, तर 1974 पासून खोळंबलेला वाद दूरध्वनीवरून घातला.

तो वाद खोळंबला याला कारणे आहेत. 25 एप्रिल 1974 रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी जवळजवळ रक्त न सांडता राजवट उलथवली आणि लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची लाल फुले खोवली, पण गुप्त पोलिसांतल्या बहुतेकांना पुढे फार सौम्य शिक्षा झाल्या. त्यांची दप्तरे अभ्यासकांना खुली व्हायला 1990 चे दशक उजाडले. सालाझार स्वतः खटल्याला कधी सामोरे गेलेच नाहीत. 1968 मध्ये आजारपणामुळे त्यांच्या जागी मार्सेलू काएतानू आले, आणि 1970 मध्ये मरेपर्यंत आपणच पंतप्रधान आहोत असा त्यांचा समज होता, कारण खरे काय ते सांगण्याचे कोणी धाडस केले नाही. 2007 च्या सुमारास अर्थव्यवस्था मंदावलेली होती आणि त्यांच्या जन्मगावी संग्रहालय उभारण्याच्या बेतावर माजी राजकैदी संतापलेले होते. नाराजांपैकी कित्येकांनी चालू सरकारवरचा राग या मताने व्यक्त केला, असे तेव्हाच अनेक भाष्यकारांनी म्हटले होते.

आकड्यांचे मोलही ध्यानात घ्यावे लागेल. एकूण मते सुमारे 1 लाख 59 हजार पडली, तीही फोन करण्याइतकी आच असलेल्यांची. सालाझार यांच्या वाट्याला त्यातली सुमारे 65 हजार आली, तेव्हा देशाची लोकसंख्या एक कोटीच्या वर होती. अशा मतदानातून राष्ट्राचे मत काढता येत नाही. आच कोणाला आहे, एवढे मात्र नक्की कळते, आणि तेही दुर्लक्षिण्यासारखे नाही.

त्यानंतर पोर्तुगालमध्ये बरेच काम झाले. लिस्बनच्या जुन्या आल्जुबे तुरुंगात 2015 मध्ये प्रतिकाराचे संग्रहालय उघडले, सोझा मेंदिश यांना 2021 मध्ये राष्ट्रीय स्मारक मंदिरात सन्मानाची जागा मिळाली आणि पेनिशचा किल्ला 2024 मध्ये, क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी, प्रतिकार व स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय म्हणून खुला झाला. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना ज्या किल्ल्यात ठेवले होते तो हाच, आणि गोव्याहून वा महाराष्ट्रातून लिस्बनला जाणाऱ्या प्रत्येकाने शंभरएक किलोमीटरवरच्या त्या कोठड्या अवश्य पाहाव्यात.