लिनक्सवर मराठी टाइप होत नाही? होते!

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली टाकायची म्हटले की हमखास ऐकू येते, ‘त्यावर मराठी चालत नाही.’ साफ चूक. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकारात सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस इथून मराठी जोडा. विंडोज-कळ आणि स्पेसबारने भाषा बदलते. इंग्रजी स्पेलिंगने लिहिणाऱ्यांनी ‘आयबस-एम१७एन’ (ibus-m17n) हे टायपिंगचे पॅकेज टाकून पुन्हा लॉगिन करावे.

खरी गोची जुन्या फाइलींची. कृतिदेव फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट नसला की ‘मराठी’ हा शब्द ई-जे-के-बी-एच असा दिसतो, अगदी विंडोजवरसुद्धा! अशा फाइली आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, बदलून घ्या. रोजचे काम पेजमेकर या विंडोजवरच्या पानमांडणी सॉफ्टवेअरवर असेल, तर मात्र विंडोजच ठेवा.