डाउन सिंड्रोम आणि मेंदूतल्या जर्म सेल गाठी

डाउन सिंड्रोम (२१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त) असलेल्यांच्या मेंदूत क्वचित होणाऱ्या जर्म सेल गाठी, म्हणजे जननपेशींसारख्या पेशींच्या गाठी, त्यांच्याविषयी हे टिपण. बरीचशी माहिती एकेका पेशंटच्या नोंदींवरूनच जमलेली आहे. या सिंड्रोममधे ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) धोका खूप वाढतो पण इतर गाठी एकंदरीत कमीच होतात, लहान मुलांमधला मेड्युलोब्लास्टोमा (मेंदूतली एक गाठ) तर फारच विरळा, जर्म सेल गाठी मात्र याला अपवाद, वृषणातल्याही आणि मेंदूतल्याही.

या गाठींच्या जर्म सेल म्हणजे जननपेशी मेंदूत येतात कुठून हा जुना वाद आहे. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आद्य जननपेशी (ज्यांच्यापासून पुढे बीजं आणि शुक्रजंतू होतात) पीतक पिशवीच्या (सुरुवातीला गर्भाला जोडलेल्या पिशवीच्या) भिंतीतून निघून जननग्रंथींच्या जागी जातात, त्यातल्या काही वाट चुकून शरीराच्या मध्यरेषेवर अडकतात आणि पुढे त्यांचीच गाठ होते असं जुनं मत. जपानी न्यूरोसर्जन केइजी सानो यांनी ते पूर्ण मानलं नाही, त्यांच्या मते जर्मिनोमा (या गाठींचा एक प्रकार) सोडून बाकीचे प्रकार हे भलतीकडे गेलेल्या भ्रूणपेशींपासून होतात. तिसरं मत असं की मेंदूच्याच मूळपेशी उलट्या फिरून जननपेशींसारख्या होतात. जर्मिनोमाच्या डीएनएवर मिथाइल खुणा (जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) खूपच कमी सापडल्या, अगदी आद्य जननपेशींसारख्या, त्यामुळे निदान जर्मिनोमापुरतं तरी जुन्या मताचं पारडं जड वाटतं. केआयटी आणि आरएएस या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकांतले बदल बऱ्याच गाठींत असतात आणि डाउन सिंड्रोम नसलेल्यांच्या गाठींतही २१व्या गुणसूत्राचा भाग वाढलेला दिसलाय, हा धागा महत्त्वाचा आहे पण तेच कारण असं अजून म्हणता येत नाही.

नेहमीच्या जागा म्हणजे पिनिअल ग्रंथी (मेंदूच्या मध्यभागातली छोटी ग्रंथी) आणि पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) वरचा भाग. डाउन सिंड्रोममधे बेसल गँग्लिया (मेंदूच्या आतला भाग) किंवा सेरेबेलमसारख्या (मागच्या लहान मेंदूसारख्या) वेगळ्या जागीही सापडल्यात. सतत तहान, खूप लघवी, वर बघता न येणं, उलट्या, चालण्यात फरक अशी लक्षणं असतात, आणि खरी अडचण इथेच, मूल मंदावलं, बोलणं कमी झालं तर ते डाउन सिंड्रोममुळेच असं धरलं जातं आणि एमआरआय लांबतो. आधी येत असलेली गोष्ट जमेनाशी झाली तर ती नवी तक्रार म्हणूनच तपासायला हवी.

एएफपी आणि बीटा-एचसीजी (काही जर्म सेल गाठींतून बाहेर पडणारी प्रथिनं) रक्तात आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात बघतात. जर्मिनोमा रेडिएशनला फार चांगली दाद देतो, सोबत बहुधा कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइड ही केमोची औषधं. डाउन सिंड्रोममधे केमोचा त्रास, विशेषतः इन्फेक्शन, जास्त होतो म्हणून डोस जपून ठरवतात.