वाक् व भाषा उपचारातील आभासी वास्तव

हेडसेट डोळ्यांवर चढवून किंवा संगणकाच्या पडद्यावर उभ्या केलेल्या त्रिमितीय जगात बोलण्याचा सराव करून घेण्याची पद्धत. तोतरेपणा, पक्षाघाताच्या झटक्यानंतरचा वाचाघात (मेंदूला इजा झाल्याने शब्द आठवणे, बोलणे किंवा समजणे अवघड होणे), आवाजाचे विकार आणि स्वमग्न व्यक्तींचे सामाजिक संभाषण यांसाठी ती वापरली जाते. तिला स्वतंत्र उपचार म्हणणे चुकीचे ठरेल. स्पीच थेरपिस्ट एरवी जे उपचार करतो, त्यांना जोड देणारे हे साधन आहे.

या साधनाची गरज एका जुन्या अडचणीतून आली. उपचाराच्या खोलीत बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलणारा माणूस बाहेर पडला की पुन्हा अडखळतो. खोलीत समोर एकच श्रोता असतो, तो समजूतदार असतो आणि त्याला घाई नसते. तिकिटाच्या खिडकीवर मागे रांग असते, फोनवर पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो, मुलाखतीत पहिलाच प्रश्न नावाचा येतो. तोतरेपणा असलेल्या अनेकांना स्वतःचे नाव सांगणेच सर्वांत अवघड जाते, कारण त्याला पर्यायी शब्द नसतो. तीच व्यक्ती एकटी असताना किंवा इतरांबरोबर एका सुरात म्हणताना बहुधा अडखळत नाही. म्हणजे प्रसंग बदलला की बोलणे बदलते, आणि म्हणून सरावही प्रसंगातच व्हायला हवा. थेरपिस्ट पूर्वीपासून रुग्णाला घेऊन दुकानात जात, अनोळखी लोकांना फोन करायला लावत. पण खऱ्या दुकानदाराला ‘आता थोडे वैतागून बोला’ किंवा ‘हेच पुन्हा पाच वेळा विचारा’ असे सांगता येत नाही. आभासी दुकानदाराला ते सांगता येते.

डोक्यावर बसवायच्या पडद्याचा प्रयोग अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये केला. मानसोपचारात हे तंत्र १९९० च्या दशकात आले. बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उंचीची भीती असलेल्यांना आभासी पूल आणि लिफ्ट यांतून टप्प्याटप्प्याने नेऊन ती भीती कमी करता येते, असे दाखवले. वाक् उपचाराने हीच वाट धरली. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील शेली ब्रुंडेज यांच्या गटाने २००६ मध्ये तोतरेपणा असलेल्या २० प्रौढांच्या आभासी नोकरी-मुलाखती घेतल्या. एक मुलाखतकार धीर देणारा होता, दुसरा अडचणीत आणणारा. दुसऱ्यासमोर अडखळणे वाढले. पुढे २०१५ मध्ये याच प्रयोगशाळेत १० जणांनी आभासी आणि खऱ्या श्रोत्यांपुढे भाषणे केली, तेव्हा दोन्हीकडच्या अडखळण्याच्या प्रमाणात घनिष्ठ संबंध आढळला. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. समोरची माणसे चित्रातली आहेत हे माहीत असूनही छातीतली धडधड आणि जिभेवरचा अडथळा खराच असतो.

प्रत्यक्ष उपचारात हेडसेटच्या आधी बरेच काही होते. कोणते प्रसंग टाळले जातात, कोणते शब्द बदलले जातात, याची रुग्णासोबत यादी होते आणि ती सोप्यापासून अवघडापर्यंत लावली जाते. मग आधी मोजक्या श्रोत्यांची खोली, नंतर भरलेले सभागृह. श्रोत्यांनी मान डोलवावी, जांभई द्यावी की मोबाइलमध्ये डोके घालावे, हे थेरपिस्ट ठरवतो; रुग्णाला दिसणारे दृश्य त्यालाही शेजारच्या पडद्यावर दिसत असते. मधूनमधून भीती शंभरपैकी किती, असे विचारले जाते. अडखळणे शून्यावर आणणे हे ध्येय असेलच असे नाही. नजर न चुकवणे, शब्द न टाळणे, मुद्दाम अडखळून पाहणे आणि तरीही वाक्य पुरे करणे, हा आजच्या उपचाराचा मोठा भाग आहे. हेडसेट काढल्यावर होणारी चर्चा वगळली, तर उरतो तो निव्वळ खेळ.

समोरच्या पात्राला बोलते कोण करणार, हा नाजूक प्रश्न आहे. आपोआप बोलणारी यंत्रणा अडखळताना पडलेल्या खंडाला वाक्याचा शेवट समजून मध्येच उत्तर देऊ शकते. ज्याचे वाक्य लोक आयुष्यभर तोडत आले, त्याला इथेही तोच अनुभव यावा हे वाईट. म्हणून पात्राचा आवाज थेरपिस्टनेच देणे पुष्कळदा अधिक चांगले.

वाचाघातासाठीचा सर्वांत परिचित प्रयोग म्हणजे लंडनच्या सिटी विद्यापीठात तयार झालेले ईव्हा पार्क. हे एक आभासी बेट आहे. तिथे घरे, कॅफे, केशकर्तनालय आहे. त्याची आखणी करताना वाचाघात झालेल्या व्यक्तींनाच सल्लागार म्हणून सोबत घेतले होते. त्याला हेडसेट लागत नाही. माणूस घरी संगणकासमोर बसून आपल्या आभासी प्रतिमेच्या रूपात तिथे वावरतो आणि सहायकांशी किंवा इतर रुग्णांशी प्रत्यक्ष आवाजात बोलतो. जेन मार्शल आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील अभ्यासात २० जणांनी पाच आठवडे तिथे सराव केला. रोजच्या व्यवहारातील संवादक्षमता सुधारली. मात्र शब्द आठवण्याचा वेग, आत्मविश्वास आणि एकटेपणा यांत मोजण्याजोगा फरक पडला नाही. २०२० मध्ये त्याच बेटावर आधारगट चालवून पाहिले, त्यातही मनःस्वास्थ्याच्या मोजमापांत लक्षणीय बदल दिसला नाही. तोतरेपणा असलेल्यांची सामाजिक भीती आभासी प्रसंगांनी कमी होते का, हे पाहणाऱ्या २०२३ मधील एका छोट्या ब्रिटिश चाचणीतही भीती घटल्याचे आढळले नाही. तिथे रुग्ण स्वतःच सराव करत होते. जाहिरातींत चमत्काराची भाषा करणाऱ्यांनी हे निकाल शांतपणे वाचावेत.

आवाजाच्या विकारांत शिक्षकांचा विचार आधी होतो, कारण गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. बेल्जियममधील लिएज येथे आभासी वर्ग उभारून शिक्षिकांचा आवाज तपासला गेला आहे. स्वमग्न तरुणांसाठी टेक्सासमधील डॅलस येथे संभाषणाच्या सरावाचे प्रयोग झाले. उच्चारदोषांत मात्र या साधनाचा फारसा उपयोग नाही. आभासी पात्रांचे ओठ आणि जीभ खऱ्या उच्चाराप्रमाणे हलत नाहीत आणि हेडसेट रुग्णाचा अर्धा चेहरा झाकतो. तिथे साधा आरसा सरस ठरतो.

हेडसेटने काहींना मळमळते, गरगरते. अपस्मार असलेल्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला आवश्यक. पक्षाघातानंतर दृष्टिक्षेत्राचा एक भाग गेला असेल, तर त्या बाजूचे पात्र रुग्णाला दिसतच नाही. लहान मुलांसाठी उत्पादकांनी घातलेली वयोमर्यादा पाळावी लागते.

भारतात वाक् व भाषा उपचार शिकवणाऱ्या प्रमुख संस्थांत म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था (१९६५) आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (१९८३) यांचा समावेश होतो. तयार मिळणारे बहुतेक आभासी प्रसंग परदेशी कॅफेतले आणि इंग्रजीतले असतात. मराठी रुग्णाला एसटीचा कंडक्टर, शेअर रिक्षा, बँकेची खिडकी, लग्नघरातली ‘काय रे, हल्ली काय करतोस?’ ही चौकशी हवी. थोरल्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे की ‘आपण’, कोणाशी हिंदीत सुरुवात करायची, हे निर्णयही वाचाघातानंतर नव्याने जमवावे लागतात. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लिहिण्याची वाट पाहायला नको. सर्व बाजूंचे दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्याने जवळच्या बसस्थानकावर, संबंधितांची संमती घेऊन, काही मिनिटांचे चित्रीकरण करता येते आणि तेच हेडसेटमध्ये दाखवता येते. पात्र उलट उत्तर देत नाही ही त्याची मर्यादा; ती बाजू शेजारी बसलेला थेरपिस्ट सांभाळतो.